रिकाम्या बोगद्याचा आकडा

१० नोव्हेंबर, सोमवार

एकदाचा पोचलो! केदारखेड्याच्या फाट्यावर बसमधून उतरलो तेव्हा एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात कुकर आणि खांद्यावर लॅपटॉप अशी माझी वरात होती. चहावाल्याने विचारलं, पाहुणे कुणाकडं? मी म्हटलं, बोगद्याकडं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. लोक चांगले दिसतात.

बोगदा म्हणजे विंड टनेल. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमच्या कंपनीने तो बांधलाय, पत्रा सगळा जालन्याचा. एका टोकाला माणसाच्या दुप्पट उंचीचा पंखा, मध्ये काचेची खिडकी असलेली खोली. खोलीत दांडीवर विमानाचं किंवा ड्रोनचं मॉडेल बसवायचं, पंखा लावायचा आणि वारा त्याला किती जोराने मागे ढकलतो ते मोजायचं. त्या जोराला ड्रॅग म्हणतात. ड्रॅग कमी झाला की बॅटरी जास्त वेळ पुरते. माझी सगळी विद्या एवढीच. इथे मोजायचे आहेत ते कपाशीवर फवारणी करणारे ड्रोन. बंगळुरात नऊ वर्षं हेच केलं, तिथे तर सायकलवाल्यांनाही बोगद्यात उभं करायचो. ताठ उभा माणूस, ताशी छत्तीस किलोमीटर वारा, चार किलो ड्रॅग. हा आकडा मला झोपेतही पाठ आहे.

इथल्या खोलीची अख्खी फरशीच काट्यावर तरंगती बसवली आहे. काटा खाली पडणारं वजन मोजत नाही, फक्त मागे ढकलणारा जोर मोजतो. बनवणाऱ्याचा हात कसबी होता. मी खूश आहे. घनसावंगीच्या माणसाला घरापासून दोन-अडीच तासांवर नोकरी मिळाली, आणखी काय पाहिजे? घरी कोणी उरलं नाही ही गोष्ट वेगळी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

इथे मी धरून दोन माणसं. दुसरा मल्हारी. साठी ओलांडलेला, पूर्वी मेंढरं राखायचा, मग जिनिंगमध्ये होता, आता बोगद्याचा राखणदार. त्याची बायको आसराबाई दुपारी भाकरी आणि ठेचा आणून देते. मी जास्त खाल्लं तर खूश, कमी खाल्लं तर मल्हारीला रागावते.

मल्हारीने पहिल्याच दिवशी मला एक पितळी बिल्ला दिला, नंबर बारा. जिनिंगच्या काळातली रीत आहे. भिंतीवर एक फळी, फळीवर खिळे, प्रत्येकाचा बिल्ला आपापल्या खिळ्यावर. आत जाताना बिल्ला काढून खिशात टाकायचा, बाहेर आलं की परत टांगायचा. खिळा रिकामा असला तर यंत्र चालू करायचं नाही, मग मालक स्वतः का येईना. कापसाच्या यंत्रात माणसं जायची म्हणून ही रीत. पंखा लावण्याआधी मल्हारी सगळे बिल्ले बोटाने शिवून पाहतो, मग खिडकीशी जाऊन हाळी देतो, "हाय का कोणी आत?" आणि पाच श्वास थांबतो. मला हे फार आवडलं.

फळीवर दोन खिळे उपटल्याची भोकं होती. हात रिकामेच होते, म्हणून मी ती रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली आणि वरून रंग मारला. मल्हारी बघत उभा राहिला. मला वाटलं, कौतुकाने बघतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जालन्याला जाऊन आलो. कंपनीचं ऑफिस मस्तगडला, एका दुकानाच्या वरती. तिथे हरिओम बसतो, आमचा मॅनेजर. वय माझ्याएवढंच पण बोलतो मामासारखा. म्हणाला की ड्रोनचे आकडे आठ डिसेंबरपर्यंत पाहिजेत, "जल्दी करा पण बराबर करा." आधीचा इंजिनिअर अंगद कसा होता असं विचारलं, तर म्हणाला, होता बरा, न सांगता गेला.

येताना किल्ल्या बनवणाऱ्याकडून एक काम करून घेतलं. बिल्ला मी रोज विसरतो. खिशात घालून राहत्या खोलीवर जातो आणि मग मल्हारी अर्धा कोस चालत तो न्यायला येतो, त्याशिवाय त्याला घास जात नाही. म्हणून बारा नंबरचा दुसरा बिल्ला करून घेतला. हुबेहूब. तो कायम खिळ्यावर राहील, खरा माझ्या खिशात. म्हाताऱ्याची पायपीट वाचली आणि माझीही कटकट गेली. त्याला सांगितलं नाही, उगाच वाईट वाटायचं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट जुळत नाहीये.

रोज कामाआधी रिकामी फेरी घ्यायची असते. मॉडेल नाही, नुसती दांडी. दांडीलाही थोडा ड्रॅग असतो, तो मोजायचा आणि दिवसभराच्या आकड्यांतून वजा करायचा. सगळीकडे असंच करतात. इथली दांडी बोटाएवढी, ताशी छत्तीसला फार तर दोनशे ग्रॅम यायला पाहिजेत. येतायत आठ किलो दोनशे.

काटा बिघडला असेल म्हणून वाण्याकडून एक किलोची, दोन किलोची मापं आणली, दोरी आणि कप्पी लावून ओढून बघितली. काटा चोख आहे. पंखा बंद केला की शून्य. पंखा लावला की आठ दोनशे. दांडी काढून टाकली तेव्हा बरोबर आठ.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अंगदची वही सापडली. सुरेख अक्षर. सगळ्या फेऱ्या ताशी छत्तीसच्या. आठ जुलैपर्यंत रिकाम्या फेरीला ०.२. नऊ जुलैपासून ४.२. पुढे पेन्सिलने लिहिलंय, "दांडीचा दोष असावा. वजा." मग रोज नुसतं "४.२, वजा." सप्टेंबरपर्यंत हेच. सतरा सप्टेंबरला शेवटची ओळ आहे, "आता वजा करणार नाही. आत जाऊन बघतो."

त्यानंतर वही कोरी आहे.

चार किलो म्हणजे काय, ते मला पाठ आहे. पण मी ते इथे लिहिणार नाही. चार किलो कशाचेही असू शकतात.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आसराबाईंकडून लोकर मागून घेतली. हाताने कातलेली, काळी, जरा तेलकट. वितीएवढे धागे कापून फरशीवर ओळीने चिकटवले. वारा नीट वाहत असला की धागे सरळ मागे ताणून राहतात, आणि वाटेत काही आडवं आलं की त्याच्या मागचे धागे लोळतात, थरथरतात. खांबामागे वाळू साचते तसंच हे.

पंखा लावला. रिकाम्या खोलीत दोन ठिकाणी धागे लोळत होते. दोन पट्टे, शेजारी शेजारी, प्रत्येक पट्टा माणसाच्या खांद्यांएवढा रुंद.

मी पंखा बंद केला आणि बाहेर उन्हात जाऊन बसलो. आसराबाईंनी विचारलं, लोकर कमी पडली का? मी म्हटलं, न्हाई, पुरली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मल्हारीला बसवून विचारलं. त्याने सांगितलं ते लिहून ठेवतो.

जुलैत भुजंग नावाचा एक मजूर आतला पत्रा घासायला यायचा, बिल्ला नंबर सात. एका सकाळी मल्हारी गावाला गेला होता, आणि ऑफिसने घाई लावली म्हणून कोणीतरी फळी न बघता पंखा लावला. बंद करून दार उघडलं तर आत कोणीच नव्हतं. ना माणूस, ना रक्त, ना चप्पल. बिल्लाही नाही. सगळ्यांनी ठरवलं, ऊसतोडीला पळून गेला असेल. जुलैत कसली ऊसतोड, असं कोणी विचारलं नाही. भुजंगला आगापिछा नव्हता. अंगदचंही तेच. आई वारलेली, लग्न नाही. आत गेला, दार लागलं, आणि हरिओमने जालन्यातूनच कॉम्प्युटरवर पंखा लावला. अंगदचा नंबर अकरा. ऑफिसने घरच्या पत्त्यावर पत्र टाकलं, ते परत आलं.

"खिळा रिकामा म्हणजे माणूस आत, साहेब. दोन खिळे रिकामे हायेत तवर मी बटन दाबत न्हाई म्हणलो. मंग त्यांनी खिळेच उपटून टाकले. आता तुमीच सांगा, माझं काय चुकलं?"

त्याचं काही चुकलं नाही. भोकं मी बुजवली.

हरिओमला फोन केला. काट्याचा आकडा, धाग्यांचे पट्टे, सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, आकडा रोज तोच येतो ना? मग अडचण काय? वजा करा आणि पुढं चला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वजा केलं. ८.२, वजा. दिवसभरात ड्रोनच्या अकरा फेऱ्या झाल्या, आकडे झकास आले. हरिओमने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

आज माझा वाढदिवस होता. संध्याकाळपर्यंत फोन आला तो फक्त मोबाइल कंपनीचा. बहीण शीतल पुण्यात असते, तिला दोन लहान मुलं, विसरली असेल. बंगळुरात एकदा मी आठवडाभर तापाने खोलीत पडून होतो आणि ऑफिसात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगायचो. आज हसू येत नाही. मी नाहीसा झालो तर विचारायला कोण येईल, याची मनात यादी करून बघितली. एकच नाव आलं, तेही मीच फोन केल्यावर बोलणारं.

फार एकटं वाटतंय.

काम संपल्यावर खिडकीशी उभा राहून आतल्या दोघांना म्हटलं, चला, उद्या रविवार, सुट्टी. बोललो आणि बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

१ डिसेंबर, सोमवार

पट्टे हलले आहेत. मंगळवारी खोलीच्या मधोमध होते, आज खिडकीला लागून आहेत. मी जिथे उभा राहून बोललो होतो, बरोबर त्याच्या समोर.

३ डिसेंबर, बुधवार

आकडा तोच. ८.२.

पट्टे आता एकमेकांपासून लांब झालेत. मध्ये जागा सोडलीय. टेपने मोजली, अठरा इंच. मग स्वतःचे खांदे मोजले.

परत नाही मोजणार.

५ डिसेंबर, शुक्रवार

मी लांबी कोरून काढली आणि दोन्ही खिळे परत ठोकले. रिकामे. मल्हारीने माझ्या पाठीवर हात ठेवला, पहिल्यांदाच. हरिओमला कळवलं की हे दोघं सापडेपर्यंत पंखा लागणार नाही आणि वजाही होणार नाही. तो चिडला नाही. म्हणाला, तुम्ही थकलात, आराम करा, सोमवारी प्रिया म्हणून नवी मुलगी येतेय, हुशार आहे, ती बघेल.

ती बघेल म्हणजे वजा करेल. ८.२ बघून तीही चार दिवस डोकं खाजवेल आणि मग वजा करेल. भुजंग आणि अंगद कायमचे दांडीच्या दोषात जमा.

पुरावा पाहिजे. काहीतरी हातात धरून दाखवता येईल असं.

६ डिसेंबर, शनिवार, सकाळ

मल्हारी आणि आसराबाई लग्नाला गेलेत, उद्या रात्री येतील. जाताना त्याने दोनदा बजावलं, "एकट्यानं आत जाऊ नका, साहेब."

खिडकीतून बघितलं. पंख्याकडच्या जाळीच्या फटीत काहीतरी पिवळं चमकतंय. दोन. गोल.

बिल्ले आहेत.

दोन मिनिटांचं काम. पंख्याचा मेन स्विच बंद केलाय. दारात वीट लावलीय. फोन आवाज करत होता म्हणून टेबलावर ठेवला. वही बरोबर घेतो, जागेचं माप टिपायला —

६ डिसेंबर, दुपार

बिल्ले मिळाले. सात आणि अकरा. माझ्या मुठीत आहेत. गार नाहीत, कोणाच्या तरी खिशातून आत्ताच काढल्यासारखे कोमट आहेत.

मागे वळलो तर दार बंद. वीट आत पडलीय, माझ्या पायाशी.

कडी बाहेरून आहे. काचेवर वीट मारून बघितली, वीटच तुटली.

घाबरायचं कारण नाही. उद्या रात्री मल्हारी येईल, परवा सकाळी फळी बघेल. एकेक बिल्ला शिवल्याशिवाय तो बटन दाबत नाही. बारा नंबरचा खिळा रिकामा दिसला की —

माझा बिल्ला खिशात आहे.

खिळ्यावर दुसरा आहे. मी टांगलेला. हुबेहूब.

७ डिसेंबर, बहुतेक

तहान लागत नाहीये. हे बरोबर नाही.

डाव्या बाजूला कोणीतरी आहे. उजव्या बाजूलाही. दिसत नाही, पण वारा नसताना दोन्हीकडून ऊब येते. मध्ये अठरा इंच. मी तिथेच बसलोय. दुसरीकडे गार लागतं.

शीतलचा वाढदिवस बारा मार्चला असतो. मी कधी विसरलो नाही.

८ डिसेंबर. उजेड आहे

मल्हारी आला! फळीशी उभा राहिला. सातचा खिळा रिकामा, अकराचा रिकामा. ते बघून मान हलवली. मग नऊ शिवला, स्वतःचा. मग बारा शिवला. तपासून समाधानाने —

खिडकीशी आला. "हाय का कोणी आत?"

मी ओरडलो. काचेवर दोन्ही हात मारले. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर. पाच श्वास थांबला. मी त्याच्याबरोबर मोजले.

मग वळला आणि मागे उभ्या असलेल्या मुलीला म्हणाला, साहेब गावाला गेले जणू, बिल्ला खिळ्यावर हाय त्यांचा.

तिच्याबरोबर हरिओम आहे. त्याने पकडीने दोन रिकामे खिळे काढले. मल्हारी ओरडत होता. कोणी ऐकलं नाही. त्यालाही बाहेर काढलं.

थोड्या वेळाने

प्रिया. लाल स्वेटर, हातात नवी डायरी. हसरी आहे. इकडेतिकडे बघून काहीतरी लिहितेय. पहिला दिवस.

मेन स्विच लावला —

वारा. उभं राहावं लागतंय. ते दोघं खांद्याला खांदा लावून आहेत, म्हणून पडत नाही. वही छातीशी धरून लि —

काट्याचा पडदा इथून दिसतो. उलटा, पण दिसतो.

१२.२

ती थबकली. पेन कानामागे लावून परत वाचतेय. तिला पटलेलं नाही! माझ्यासारखीच आहे. दांडीकडे बघतेय. आता आत बघतेय, सरळ आमच्याकडे —

हरिओम काहीतरी सांगतोय. हसतोय. रोज तोच येतो, एवढंच असणार.

तिने मान हलवली. डायरीत लिहितेय. बोट वजा करायच्या बटनाकडे —

प्रिया, थांब. दांडी नाही. भुजंग, सात. अंगद, अकरा. बद्रीनाथ, बारा. तीन माणसं आहेत, वजा करू न